‘डॉक्टर हू’चं पडद्यामागचं तंत्र : एकांकिका आणि देखाव्यांसाठी त्यातलं काय घेता येतं?

शहापूर_रंगमंच

विज्ञानकथेची एकांकिका किंवा गणपतीचा देखावा करायचा म्हटलं की आपल्याकडं थेट संगणकातल्या इफेक्ट्सची भाषा सुरू होते. रंगमंचाला त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून हा धागा. ‘डॉक्टर’ नावाच्या परग्रहवासीयाच्या काळयानातल्या प्रवासांची बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ पर्यंत चालली आणि २००५ पासून पुन्हा सुरू झाली. आपल्याला खरं शिकायला मिळतं ते तिच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांकडून, कारण तेव्हाचं चित्रीकरण जवळपास नाटकच होतं.

लंडनच्या लाइम ग्रोव्हमधल्या स्टुडिओ डी मध्ये आठवडाभराची तालीम झाली की शुक्रवारी संध्याकाळी पंचवीस मिनिटांचा भाग गोष्टीच्या क्रमानेच, सलग मुद्रित व्हायचा. दोन इंची व्हिडिओफीत कापून जोडणं महाग आणि किचकट होतं. चित्राचं हेड आणि आवाजाचं हेड फितीवर काही इंच अंतरावर असायचे, त्यामुळं चित्राच्या जागी कापलं की आवाज भलत्याच जागी तुटायचा. कापलेली फीत पुन्हा वापरणंही अवघड व्हायचं. म्हणून थांबे मोजकेच आणि आधी ठरवलेले. पहिल्या डॉक्टरची भूमिका करणाऱ्या विल्यम हार्टनेल यांचे अडखळलेले संवाद तसेच प्रक्षेपित झालेत ते यामुळं.

पहिला भाग दोनदा करावा लागला. २७ सप्टेंबरच्या मुद्रणात काळयानाचं दार नीट मिटेना, संवाद चालू असताना आपटत राहिलं. १८ ऑक्टोबरला सगळं पुन्हा. दिग्दर्शक होते लखनौला जन्मलेले वारिस हुसेन, वय २४. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट, वय २७.

सरकतं दार करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा : दार कधी आपोआप सरकवू नका. विंगेत माणूस ठेवा, खाली नायलॉनची पट्टी, वर टांगती चाकं, आणि मिटायच्या टोकाला फोमची पट्टी. प्लायवुड असेल तर चारही कडांना आधी प्रायमर मारा. आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उघडी कड फुगते आणि मे महिन्यात मोकळं सरकणारं दार गणपतीत अडकतं.

आवाजाचं अनगोळकर सांगतीलच.

---

अनगोळ_ध्वनी

शीर्षकसंगीतापासून घेऊ. चाल रॉन ग्रेनर यांची, पण ती प्रत्यक्ष आवाजात आणली डेलिया डर्बिशर यांनी, डिक मिल्स मदतीला. जागा बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप, मेडा व्हेल, साल १९६३. सिंथेसायझर नाही, अनेक ट्रॅकचं यंत्र नाही.

कच्चा माल तीन प्रकारचा. ताणलेली एक तार छेडून घेतलेला एक आवाज, चाचणीसाठीच्या ऑसिलेटरचे सूर, आणि फिल्टरमधून गाळलेला पांढरा नॉइज, म्हणजे रेडिओच्या दोन स्टेशनांमधली सरसर. खालचा ठेका त्या एका तारेच्या आवाजातूनच काढलेला. फितीचा वेग दुप्पट केला की सूर एक सप्तक वर जातो. एक स्वरस्थान, म्हणजे हार्मोनियमची एक पट्टी, वर न्यायची तर वेग ५.९५ टक्क्यांनी वाढवायचा. अशी प्रत्येक सुराची वेगळी नक्कल करायची आणि मग ती लांबीने कापायची. फीत सेकंदाला १५ इंच धावते, म्हणून अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. असे तुकडे ओळीने चिकटवले की एक ओळ तयार झाली. ठेका, चाल आणि नॉइजचे फवारे, सगळ्यांच्या वेगळ्या फिती. त्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकदम सुरू करून एकत्र मुद्रित करायच्या.

जोड ताल सोडू लागला तेव्हा त्यांनी फिती वर्कशॉपच्या लांबलचक बोळात जमिनीवर शेजारीशेजारी उलगडल्या आणि जोड कुठं पुढंमागं झालाय ते डोळ्यांनी शोधलं. आज आपण पडद्यावर लहरी एकाखाली एक ठेवून बघतो, तेच काम. हे मूळ मुद्रण थोड्याफार बदलांनी १९८० पर्यंत वापरात होतं. ग्रेनर यांची इच्छा असूनही डर्बिशर यांना संगीताच्या श्रेयात जागा मिळाली नाही. पडद्यावर त्यांचं नाव आलं ते २०१३ च्या पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात. ही गोष्ट प्रत्येक ध्वनीवाल्यानं लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

काळयानाचा घरघराट ब्रायन हॉजसन यांचा. पियानोची उघडी चौकट, तिच्या खर्जाच्या तारांवरून घराच्या दाराची किल्ली घासलेली, आणि ते मुद्रण उलटं चालवून, वेग बदलून, स्वतःच्याच प्रतिध्वनीत परत परत घातलेलं. इथं पियानो नको. गिटारची सर्वांत जाड, वेटोळं असलेली तार तीन फुटी फळीवर ताणा. साधी गुळगुळीत तार चालत नाही. खरखर येते ती वेटोळ्यांवरून किल्लीचं टोक टकटकत गेल्यामुळं. सेंटिमीटरला जितकी वेटोळी आणि हाताचा जितका वेग, तितका सूर वर. म्हणून हात आधी सावकाश, मग जलद, मग पुन्हा सावकाश. मायक्रोफोन तारेवर नको, फळीच्या पाठीला टेकवा. नंतर वेग निम्मा करा.

मिरजेचा तंबोरा घेऊन किल्ली फिरवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर कृपया करू नका. खर्जाची तार एका घासण्यात कामातून जाते.

---

निपाणीची_अक्का

अनगोळकर, डॅलेकचा, म्हणजे मालिकेतल्या त्या यंत्रात बसलेल्या शत्रूंचा, आवाज राहिला की. शाळेच्या मुलांना हाच पाहिजे असतो. मोबाइलमधल्या ‘रोबोट’ फिल्टरनं तो येत नाही, डब्यात बोलल्यासारखा येतो.

---

अनगोळ_ध्वनी

अक्का, तो फिल्टरचा प्रकारच वेगळा. डॅलेकला रिंग मॉड्युलेटर होता. माणसाचा आवाज आणि ३० हर्ट्झची साइन लहर यांचा गुणाकार. आवाजात ४०० हर्ट्झचा घटक असेल तर तो नाहीसा होतो आणि त्याजागी ४३० आणि ३७० असे दोन येतात. मूळ स्वराशी यांचं नातं सुरेल नसतं, म्हणून कान त्याला माणसाचा गळा मानत नाही. शिवाय ३० ची लहर प्रत्येक फेरीत दोनदा शून्यातून जाते, म्हणजे आवाज सेकंदाला ६० वेळा तुटतो. थरथर येते ती तिथून.

संगणकावर करायचं तर मोफत ध्वनिसंपादकात रिंग मॉड्युलेशन शोधा. ट्रेमोलो वेगळा. त्यात आवाज फक्त कमीजास्त होतो, उलटा होत नाही, आणि परिणाम अर्धवट वाटतो. वारंवारता ३० ठेवा. ५० च्या पुढं गेलात की शब्द कळत नाहीत, २० च्या खाली बकरीचा आवाज येतो.

अर्धं काम मात्र नटाचंच. पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहॅम हे आवाज देणारे डॅलेकच्या बाहेर मायक्रोफोनवर बसायचे. मराठीत करताना प्रत्येक अक्षर सुटं, एकाच पट्टीत, आणि वाक्याच्या शेवटी तीच पट्टी वर न्यायची. ‘ह’ आणि ‘श’ मध्ये थरथर नीट ऐकू येत नाही, कारण तो नुसता श्वास असतो. संवाद लिहितानाच ‘आ’, ‘ओ’, ‘ए’ असे लांब स्वर असलेले शब्द घ्या. ‘शिस्त पाळा’पेक्षा ‘आज्ञा माना’ कितीतरी चांगलं लागतं.

---

चिकोडी_सोल्डर

प्रयोगात थेट वापरायचं असेल तर मंडल स्वस्तात होतं. मध्यबिंदू काढलेले दोन लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि चार जर्मेनियम डायोड. डायोड एकामागोमाग एक वर्तुळात जोडायचे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. ब्रिज रेक्टिफायरसारखे जोडलेत तर रिंग मॉड्युलेटर होतच नाही. नव्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच.

चारही डायोड मल्टिमीटरवर मोजून सारखे निवडा, दहा-पंधरा घेतले तर चार जुळतात. जुळले नाहीत तर ३० हर्ट्झची लहर गळून बाहेर येते. ती कानाला नीट ऐकू येत नाही, पण स्पीकरचा कोन मात्र हलत राहतो आणि मंडपातले स्पीकर तापतात. म्हणून मॉड्युलेटरच्या पुढं १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. सिलिकॉन डायोड चालतात, पण हळू बोललेलं तोडून टाकतात, कारण त्यांना सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय ते चालूच होत नाहीत. जर्मेनियमला ०.२ ते ०.३ पुरतात.

आणि ब्लूटूथ माइक वापरू नका. आवाज दशांश-दोन दशांश सेकंद मागं पडतो आणि दिवे व संवाद जुळत नाहीत.

---

उद्यमबाग_लेथ

आता डॅलेकचा सांगाडा. आराखडा रेमंड क्युसिक यांचा, बांधणी अक्सब्रिजच्या शॉक्राफ्ट मॉडेल्सची. पहिल्या कथेसाठी चारच नग केले होते. मागं गर्दी दिसायला पाहिजे तिथं डॅलेकचे मोठे फोटो कापून उभे केले. १९६६ च्या ‘द पॉवर ऑफ द डॅलेक्स’मध्ये तर कारखान्यातली फौज दाखवायला बाजारातली खेळणी वापरली. देखाव्याला हाच मार्ग घ्या. पुढं एक खरा, मागं ५ मिमी सनबोर्डवर मॅट व्हिनाइल चिकटवून कापलेले चार. साधा फ्लेक्स घेऊ नका, हॅलोजन त्यावर चमकतो आणि फसवणूक लगेच कळते.

क्युसिक यांच्या रचनेचं मर्म असं की मोजमाप खुर्चीवर बसलेल्या माणसावरून घेतलंय. पाय दिसू द्यायचे नाहीत, म्हणजे माणूस उभा असल्याचा संशयच येत नाही. आत बसायची फळी, खाली कॅस्टर, माणूस पायांनी ढकलत जातो.

आपल्या कामासाठी प्रमाण असं ठेवा. तळाची चौकट २५ × २५ × ३ मिमी एमएस अँगलची, लांबी ४ फूट, रुंदी ३ फूट. बसायची फळी जमिनीपासून १६ इंच. मागं दोन स्थिर चाकं, पुढं एक फिरतं. चार फिरती कॅस्टर लावू नका, वळताना सगळी वेगवेगळ्या दिशेला जातात आणि गाडी आडवी सरकते. चाक ४ इंची रबरी. दोन इंची चाक रंगमंचाच्या फळ्यांच्या फटीत किंवा केबलवर अडकतं आणि आतला माणूस पुढं आपटतो. बीबीसीलाही हेच भोगावं लागलं. स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर छोटी चाकं चालली, पण १९६४ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर चित्रीकरण करायचं ठरल्यावर मोठी हवेची चाकं आणि ती झाकायला उंच तळ करावा लागला.

खांदे आणि घुमट फायबरचे. मातीचा किंवा पीओपीचा साचा, त्यावर मेणाचे चार हात, मग पीव्हीए, म्हणजे साच्यातून सुटायला मदत करणारा द्रव. काचधाग्याची ४५० ग्रॅमची मॅट दोन थर पुरे. पॉलिएस्टर रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट. हार्डनर १ ते २ टक्के, म्हणजे एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम. घाई म्हणून जास्त घातला तर रेझिन तापतं, तडकतं, भांड्यात ढीग राहिला तर धूर निघतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारा द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर त्यानंतरच. पावसाळ्यात मॅट दमट असेल तर पांढरे डाग राहतात, आदल्या दिवशी पिशवीत बल्बखाली सुकवा.

घागऱ्यावरचे, म्हणजे डॅलेकच्या खालच्या पसरट भागावरचे, अर्धगोल ५६. चार इंची २८ प्लास्टिकचे चेंडू मधून कापले की झालं. पण चेंडूवर थेट रंग टिकत नाही. २२० चा पॉलिशपेपर, प्लास्टिक प्रायमर, मगच रंग.

---

शहापूर_रंगमंच

लेथदादा, आतल्या माणसाला दिसतं कसं? आणि दिवे कोण लावायचं?

---

उद्यमबाग_लेथ

घुमट आणि खांदे यांच्यामध्ये जाळीचा पट्टा असतो, त्यातून बघायचं. जाळीला आतून काळा रंग द्या आणि आत उजेड अजिबात ठेवू नका, म्हणजे बाहेरून चेहरा दिसत नाही. दिव्यांचं बटण आतल्या माणसाच्या हातात, म्हणून त्यालाही सगळे संवाद पाठ असावे लागतात. बाहेरून आवाज, आतून दिवा, दोन्ही जुळलं नाही तर चारांतला कुठला डॅलेक बोलतोय तेच प्रेक्षकाला कळत नाही.

बॅटरी यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच. पाच वॅटचे दोन एलईडी आणि पाच वॅटचा पंखा म्हणजे सव्वा अँपिअर, साधारण चार तास निघतात. पंखा चैनीचा नाही. फायबरच्या आत दिव्यांखाली माणूस पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि घुमट आतून एका हातानं उघडता आलाच पाहिजे.

---

चिकोडी_सोल्डर

रेडिओनं चालणारा रोबोट करायचा म्हणणाऱ्यांसाठी के-९ ची माहिती. हा यांत्रिक कुत्रा १९७७ मध्ये मालिकेत आला. त्याचे रेडिओ नियंत्रण आणि स्टुडिओचे कॅमेरे एकमेकांत ढवळाढवळ करायचे, मोटरचा आवाज संवादात शिरायचा, आणि खडबडीत जागेत तो चालायचाच नाही. बऱ्याच दृश्यांत त्याला मासेमारीच्या दोऱ्यानं ओढलंय.

मंडपात हजार मोबाइल असतात. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट तिथं दगा देऊ शकतो. दोरा ०.४ मिमी नायलॉनचा घ्या, जमिनीलगत बांधा, आणि मागच्या बाजूलाही एक दोरा ठेवा, नाहीतर थांबवताना गाडी पुढं घसरते.

---

टिळकवाडी_लेन्स

चित्राच्या दोन युक्त्या लिहितो.

सुरुवातीचं शीर्षकदृश्य बर्नार्ड लॉज यांचं. कॅमेरा स्वतःच्याच मॉनिटरकडं रोखलेला. पडद्यावरचं चित्र कॅमेऱ्यात, तेच परत पडद्यावर. आज कॅमेरा, एचडीएमआय केबल आणि टीव्ही एवढ्यावर होतं. खोली पूर्ण अंधारी. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने लॉक. कॅमेरा दोन-तीन अंश तिरका केला की सरळ बोगद्याऐवजी भोवरा होतो. टीव्हीचा ब्राइटनेस एकेक पायरी हलवा. प्रत्येक फेरीत उजेड थोडा जरी वाढला तर पडदा पांढरा पडतो, थोडा कमी झाला तर सगळं विझतं. मधल्या अरुंद पट्ट्यात आकृती जिवंत राहते. सुरुवात करून द्यायला पडद्यासमोर पेनटॉर्चचा ठिपका हलवा. फोकस किंचित सोडा, नाहीतर टीव्हीच्या ठिपक्यांची जाळी उमटते. शटर १/५०. आताच्या टीव्हीत चित्र थोडं उशिरा येतं, त्यामुळं आकृती मूळच्यापेक्षा संथ फिरते. टीव्हीचा ‘गेम मोड’ लावला की उशीर कमी होतो.

दुसरी युक्ती रंग वेगळा काढून पार्श्वभूमी बदलायची. मालिका १९७० मध्ये रंगीत झाली आणि निर्माते बॅरी लेट्स यांनी हे तंत्र भरपूर वापरलं. तेव्हा निळा आणि पिवळाही पडदा असायचा. पिवळा वापरलेल्या दृश्यांत कडेला झालर दिसते, कारण त्वचेत आणि सोनेरी केसांत तोच रंग असतो.

आता सगळे हिरवा पडदा घेतात. आपल्याकडं त्याला मोठी अडचण आहे : हिरव्या बांगड्या, इरकल साडीचा हिरवा काठ, शहापुरी साडीचा हिरवा पदर. नटीच्या मनगटातून मागचा ग्रह दिसायला लागतो. पात्राच्या कपड्यात हिरवं असेल तर निळा पडदा घ्या. नट पडद्यापासून सहा-आठ फूट पुढं उभा करा, जरीवर पडद्याचा रंग परावर्तित होतो. पडद्याचे दिवे वेगळे, नटाचे वेगळे. पडदा इस्त्री केलेला हवा, प्रत्येक सुरकुती ही वेगळ्या छटेची हिरवी असते.

---

निपाणीची_अक्का

वेशभूषेचं थोडक्यात. १९७५ च्या ‘द आर्क इन स्पेस’मधल्या किड्याच्या अळीचं अंग बबल रॅपचं होतं, वरून हिरवा रंग. करायला सोपं आहे, पण दोन गोष्टी बघा. बबल रॅपवर नुसता रंग वाकल्यावर सुटतो, म्हणून रंगात निम्मा फेविकॉल मिसळा. आणि फुगे माइकजवळ फुटतात, तर बसायच्या जागी आणि कोपरांवर आधीच सुईनं फोडून ठेवा.

चौथ्या डॉक्टरचा, म्हणजे ही भूमिका करणाऱ्या चौथ्या नटाचा, लांबच लांब मफलर असाच झाला. वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचेसन यांनी विणणाऱ्या बेगोनिया पोप यांना भरपूर लोकर दिली, त्यांनी ती सगळी विणून टाकली.

---

खानापूर_जांभा

परग्रहासाठी बीबीसी खाणीत जायची. ‘जेनेसिस ऑफ द डॅलेक्स’ (१९७५) बेचवर्थच्या खाणीत, ‘डेस्टिनी ऑफ द डॅलेक्स’ (१९७९) विन्स्पिटच्या. कारण साधं : खड्ड्यात उभं राहिलं की क्षितिजावर झाड, खांब, घर दिसत नाही.

आपल्या खानापूर तालुक्यात जांभ्याच्या खाणी आहेत. चिरे कापलेल्या सरळ पायऱ्या आणि लाल भिंती, मंगळासाठी रंगसुद्धा लावायला नको. मार्च ते मे मध्येच जा, जूननंतर भिंतींवर हिरवं उगवतं. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून ५६०० वर ठेवा, नाहीतर कॅमेरा सगळा लाल रंग ‘दुरुस्त’ करून राखाडी करतो. सकाळी नऊपर्यंत आणि साडेचारनंतर चिऱ्यांच्या खाचा तिरप्या उन्हात उठून दिसतात. लाल धूळ लेन्सच्या कड्यात बसते, लेन्स तिथं बदलू नका. मालकाची परवानगी घ्या, आणि नुकत्याच कापलेल्या कडेपासून दहा फूट लांब राहा.

---

चिकोडी_सोल्डर

एक विषय राहिला आणि तो आपल्या भागाच्या दृष्टीनं मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९६० च्या दशकातले या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आज चित्ररूपात नाहीत. फिती महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या. परदेशी विकायच्या १६ मिमी प्रतीही हक्क संपल्यावर टाकून दिल्या. जे परत मिळालं ते बहुतेक बाहेरून. ‘द टोंब ऑफ द सायबरमेन’ हाँगकाँगमधून, आणि २०१३ मध्ये जाहीर झालेले नऊ भाग नायजेरियातून. आवाज मात्र सगळ्या भागांचा आहे, कारण प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार पडद्याचे फोटो काढायचे, त्यावरून हरवलेल्या बऱ्याच भागांचा क्रम लावता आला.

सीमाभागातल्या जुन्या एकांकिका, संगीत नाटकं, देखावे यांच्या व्हीएचएस आणि मिनीडीव्ही फिती मंडळांच्या कपाटात पडून आहेत. त्या आता वाचवायला हव्यात.

---

शहापूर_रंगमंच

सोल्डर, पद्धत लिहा. बुरशी आलेल्या फितीचं काय करायचं तेही.

---

चिकोडी_सोल्डर

कॅसेटच्या खिडकीतून रिळाकडं टॉर्च मारा. कडेला पांढरी पूड किंवा जाळं दिसलं तर ती फीत यंत्रात घालू नका. बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या प्रत्येक फितीला लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलसह. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदला. पूर्ण सुकल्यावर कॅसेटचे स्क्रू काढून रीळ नव्या कवचात घालायचं आणि फीत कोरड्या सुती कापडातून हाताने सावकाश गुंडाळायची. मास्क लावून, घराबाहेर.

चांगल्या फिती आधी एकदा पूर्ण पुढं, मग पूर्ण मागं फिरवा, ताण सारखा होतो. व्हीएचएस उतरवताना ७२० × ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड जसं आहे तसंच ठेवा. ‘सुधारणा’ नंतर प्रतीवर करता येते, मूळ उतरवलेल्यावर नाही. मिनीडीव्हीची फायरवायर केबलनं थेट नक्कल घ्या, तासाला सुमारे १३ जीबी लागतात. दोन प्रती वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरात. कॅसेटवरची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, कलाकारांची नावं बहुतेक वेळा फक्त तिथंच असतात.

हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय कापड. कापसाची काडी नको, तिचे धागे ड्रमवरच्या हेडला अडकतात. ड्रम बोटानं फिरवायचा, कापड स्थिर धरायचं, वरखाली घासायचं नाही.